परतीची वाट

शास्त्रवाचन : योहान ४:४६-५४

योहानाच्या शुभवर्तमानातील हा अवघ्या नऊ ओव्यांचा भाग. राजाचा एक अंमलदार, कफर्णहूमात मरणाला टेकलेला त्याचा मुलगा आणि काना गावी आलेला प्रभू येशू. बाप विनंती करतो, प्रभू शब्द देतो, मुलगा बरा होतो. आरोग्यदानाचा चमत्कार म्हणून ह्या भागावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत आणि त्यात वावगे काही नाही. खुद्द योहानानेच त्याला प्रभूने गालीलात केलेले दुसरे चिन्ह म्हटले आहे. परंतु चमत्कार घडला तो कफर्णहूमात, आणि शुभवर्तमानकार आपल्याला तिथे नेतच नाही. मुलाच्या बिछान्याशी कोण बसले होते, ताप उतरला तेव्हा आईने काय केले, ह्यातले काहीही तो डोळ्यांपुढे उभे करीत नाही. तो आपल्याला बापाबरोबर ठेवतो. आधी काना गावात आणि मग वाटेवर.

आज ह्या वाटेचाच विचार वाचकांपुढे ठेवावा असे वाटते. विश्वास आणि आज्ञापालन हे दोन शब्द आपण उपासनेत जोडीने उच्चारतो. पण ह्या दोहोंची गाठ नेमकी कुठे पडते असे कोणी विचारले तर उत्तर देताना आपण अडखळतो. विश्वास आधी की आज्ञापालन आधी? खात्री पटण्यापूर्वीच आज्ञा पाळणे हा भोळेपणा नव्हे काय? आणि आज्ञा पाळूनही जे हवे होते ते मिळाले नाही, तर त्या विश्वासाचे काय करायचे? हे प्रश्न पुस्तकातले नाहीत. आपल्या घराघरांत, दवाखान्याच्या बाकांवर आणि प्रीतीच्या माणसांना पुरून परतताना ते विचारले जातात.

‘ऐकणे’ ह्या शब्दाचे दोन अर्थ

आपल्या मराठी भाषेने ह्या बाबतीत आपल्यावर उपकार केले आहेत. “मुलगा ऐकत नाही” असे आई म्हणते, तेव्हा त्याचे कान बिघडले आहेत असे तिला म्हणायचे नसते. आवाज त्याला व्यवस्थित पोहोचतो. तो उठत नाही एवढेच. ‘ऐकणे’ ह्या एकाच क्रियापदात कानाने घेणे आणि पायाने करणे असे दोन्ही अर्थ आहेत. जुन्या कराराच्या हिब्रू भाषेतही असेच आहे. तिथे ‘शमा’ म्हणजे ऐकणे आणि मानणेही. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत आज्ञापालनाला ‘हुपाकोए’ असा शब्द आहे. त्याच्या मुळाशीही ऐकणे हाच धातू आहे. ऐकणारा सांगणाऱ्याच्या शब्दाखाली येऊन उभा राहतो, असे त्यातून ध्वनित होते.

‘विश्वास’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. त्याच्या मुळाशी श्वास आहे. ज्याच्याजवळ असताना माणूस निर्धास्तपणे श्वास घेऊ शकतो, त्याच्यावर त्याचा विश्वास असतो. रात्री बापाच्या कुशीत झोपलेले लहान मूल कसा संथ श्वास घेते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घराला कडी घातली आहे की नाही याची चौकशी करून मग ते झोपत नाही.

ह्यावरून एक गोष्ट दिसते. विश्वास हे एखाद्या गोष्टीविषयीचे मत नाही आणि आज्ञापालन हे केवळ शिस्तीचे काम नाही. दोन्हींमध्ये समोर एक व्यक्ती लागते. जिच्याजवळ श्वास मोकळा होतो, तिचे ऐकणे सोपे नसले तरी शक्य होते. आता हे मनात धरून त्या अंमलदाराकडे वळू.

मागितले एक, मिळाले दुसरे

हा मनुष्य कोण होता? ग्रीक शब्दाचा सरळ अर्थ ‘राजाचा माणूस’ असा आहे. इ. स. पूर्व ४ पासून इ. स. ३९ पर्यंत गालीलावर हेरोद अंतिपाचा अंमल होता. रोमी दरबारी त्याला राजा ही पदवी नव्हती, पण लोक त्याला राजाच म्हणत. त्याच्या पदरी असलेला हा अधिकारी. हुकूम सोडायचा आणि तो पाळला गेला की नाही ते पाहायचे, हा त्याचा रोजचा व्यवहार असणार. असा मनुष्य एका सुताराकडे आला. निरोप पाठवून त्याला बोलावून घेतले नाही, स्वतः चालत आला.

त्याची मागणी स्पष्ट होती. प्रभूने आपल्याबरोबर खाली यावे. खाली हा शब्द भूगोलाला धरून आहे. काना डोंगराळ भागात आणि कफर्णहूम गालील समुद्राच्या काठी. त्या सरोवराची पातळी समुद्रसपाटीच्याही खाली सुमारे २१० मीटर आहे. म्हणजे वाट खरोखरच उताराची. पण त्या विनंतीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रभूने काय करावे, कसे करावे आणि कुठे उभे राहून करावे हे त्या बापाने आधीच ठरवले होते. यावे, मुलाजवळ बसावे, हात लावावा. आपल्याही प्रार्थना बहुधा अशाच असतात. आपण देवाकडे केवळ मदत मागत नाही. मदतीचा नकाशाही हाती देतो.

प्रभूचे पहिले उत्तर कठोर वाटते. चिन्हे आणि अद्भुते पाहिल्याशिवाय हे लोक विश्वास ठेवणारच नाहीत, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. मूळ भाषेत ते एकट्या बापाला उद्देशून नाही. तिथे अनेकवचन आहे. आजूबाजूला जमलेल्या सर्वांना आणि आपल्यालाही ते लागू आहे. तरीही ज्याचा मुलगा मरतो आहे त्याच्या कानी ते किती बोचले असेल! तो वाद घालीत नाही. आपण त्या लोकांतले नाही असे सांगत नाही. तो पुन्हा तीच विनंती करतो, पण एक शब्द बदलतो. आतापर्यंत कथेत ‘पुत्र’ असा शब्द आला आहे. ह्या वेळी बापाच्या तोंडी लहानग्यासाठी वापरायचा मायेचा शब्द येतो. आपण म्हणू, ‘माझं लेकरू’. राजाचा माणूस गळून पडला आणि बाप तेवढा उरला.

ह्यावर प्रभू त्याच्याबरोबर जात नाही. मुलगा जिवंत आहे असे सांगून त्याला घरी जायला सांगतो. बापाने सोबत मागितली होती. त्याला शब्द मिळाला. वैद्याने रोग्याच्या घरी यावे म्हणून कोणी मैलोगणती चालत जावे आणि वैद्याने उंबरठ्यावरूनच, काळजी करू नका, घरी जा, असे सांगून परत पाठवावे, तर आपण काय समजू? बहुधा त्याने आपल्याला वाटेला लावले असेच समजू. पुढे योहान एका वाक्यात सांगतो की त्या मनुष्याने प्रभूच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो निघाला. ठेवला आणि निघाला. ह्या दोन क्रियापदांमध्ये योहानाने काहीच घातलेले नाही. विचारविनिमय नाही, खूण मागणे नाही.

विश्वास आधी की आज्ञापालन आधी ह्या प्रश्नाचे उत्तर ह्या दोन क्रियापदांतच आहे, असे मला वाटते. त्याने विश्वास ठेवला हे आपल्याला कशावरून कळते? तो निघाला ह्यावरून. आणि तो का निघाला? विश्वास ठेवला म्हणून. नाण्याची कोणती बाजू आधी पाडली असे विचारण्यात अर्थ नाही. तो तिथेच उभा राहून, प्रभू, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे, पण तू बरोबर चल, असे म्हणत राहिला असता तर त्या विश्वासाला काय नाव दिले असते? लूकाच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगीही असेच निघाले. याजकाकडे जाऊन स्वतःस दाखवण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांच्या अंगावर रोग तसाच होता. ते शुद्ध झाले ते जाता जाता.

वाटेवरची रात्र

काना नेमके कुठे होते ह्याविषयी दोन जागा सांगतात. एक नासरेथाजवळचे कफर कन्ना आणि दुसरी त्याच्या उत्तरेकडचे खिर्बेत काना. दोहोंपैकी कोणतीही धरली तरी कफर्णहूम सरळ रेषेत २६ किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेने थोडे अधिकच. बेळगावहून पायी खानापूर गाठण्याइतके म्हणा. प्रभूने शब्द दिला तो सातव्या तासाला, म्हणजे सूर्योदयापासून मोजले तर दुपारी एकच्या सुमारास. दास वाटेत भेटले तेव्हा ‘काल’ त्या वेळी ताप उतरला असे त्यांनी सांगितले.

ह्या ‘काल’ वरून काही उपदेशक असा अर्थ काढतात की अंमलदाराला इतकी खात्री होती की तो सावकाश, वाटेत रात्री झोप घेऊन निघाला. तसे असेलही. पण यहूदी दिवस सूर्यास्ताला संपतो हे लक्षात घेतले तर सूर्य मावळल्यावर तासाभराने भेटलेला दासही दुपारची गोष्ट कालची म्हणून सांगेल. तेव्हा तो निवांत झोपला होता की अंधारात ठेचकाळत चालत होता, हे शास्त्र आपल्याला सांगत नाही. आणि ते सांगत नाही हे बरेच झाले. कारण विश्वास ठेवणारा माणूस निवांतच असला पाहिजे असा नियम आपण केला असता, आणि ज्यांचे काळीज धडधडते त्यांना अविश्वासू ठरवून मोकळे झालो असतो.

मला तर असे वाटते की त्याची पावले निघाली होती आणि मन मात्र पुनःपुन्हा मागे वळत असेल. परत जाऊन पुन्हा विनवावे काय? बायको दारात विचारील, कुठे आहेत ते, तर काय सांगावे? त्याच्या हाती दाखवण्यासारखे काहीही नव्हते. औषधाची पुडी नाही, चिठ्ठी नाही, बरोबर माणूस नाही. एक ऐकलेला शब्द तेवढा होता. शिवाय प्रत्येक पावलागणिक ज्याच्यावर भरवसा ठेवला तोच मागे राहत होता. आज्ञापालनाचे हे विचित्र रूप ह्या कथेत फार ठळक दिसते. प्रभूची आज्ञा पाळायची म्हणजे कधीकधी प्रभूच्या सहवासाचा अनुभव सोडून घराकडे, जिथे दुखणे आहे तिथे, चालत जायचे.

आपले सारे ख्रिस्ती जीवन ह्या दोन गावांमधले आहे. शब्द मिळाला आहे, बातमी अजून आलेली नाही. संमेलनात, उपवास-प्रार्थनेत, प्रभुभोजनाच्या मेजापाशी मन भरून येते. मग सोमवार उजाडतो आणि तीच कचेरी, तोच भाऊबंदकीचा दावा, तेच अंथरुणाला खिळलेले माणूस. त्या वेळी विश्वास म्हणजे मनातली भावना टिकवून धरणे नव्हे. विश्वास म्हणजे पुढचे पाऊल.

कोणाचे ऐकावे?

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे जरूर आहे. आज्ञापालन हा गुण आपोआप चांगला नसतो. १९६१ साली यरुशलेमेत आडॉल्फ आइखमान ह्याच्यावर खटला चालला. लाखो यहूदी लोकांना मृत्यूच्या छावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी. वरून आलेले हुकूम आपण पाळले, असा त्याचा बचाव होता. त्याच जर्मनीत डिट्रिख बोनहोफर नावाचा एक पाळकही होता. शिष्यत्वावरील आपल्या १९३७ सालच्या पुस्तकात त्याने विश्वास आणि आज्ञापालन एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे ठासून मांडले. प्रभूचे ऐकायचे म्हणून त्याने सत्तेचे ऐकले नाही, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी त्याला फाशी देण्यात आले. एकाच देशातली, एकाच वयाची ही दोन माणसे. दोघेही १९०६ साली जन्मलेले. आज्ञा पाळावी की नाही एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. कोणाची, हा खरा प्रश्न होता.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या मंडळ्यांतही ‘आज्ञा पाळा’ असे वचन काढून कधी हिशेब विचारणाऱ्या सभासदाला गप्प बसवले जाते, कधी मार खाणाऱ्या सुनेला परत त्याच घरी पाठवले जाते. प्रभूच्या नावाने सांगितलेली प्रत्येक गोष्ट प्रभूची नसते. मग ओळखायचे कसे?

ह्या शास्त्रभागातच एक खूण सापडते. काना गावी आज्ञा देणाऱ्याने त्या आज्ञेतून स्वतःसाठी काय मिळवले? काहीही नाही. तो कफर्णहूमाला गेला असता तर अंमलदाराच्या वाड्यापुढे गर्दी जमली असती, मुलाला हात धरून उठवल्यावर जयजयकार झाला असता, दरबारी वजन वाढले असते. चमत्कार घडला त्या ठिकाणी तो हजरच राहिला नाही. त्याने बापाला आपल्याजवळ ठेवून घेतले नाही, मोबदला घेतला नाही, साक्ष देत फीर असेही सांगितले नाही. त्याने त्याला त्याच्या मुलाकडे परत पाठवले. जी आज्ञा सांगणाऱ्याला मोठे करते आणि ऐकणाऱ्याला लहान, तिच्यापुढे थांबून विचार करावा. जी आपल्याला प्रीतीच्या कर्तव्याकडे, आपल्याच माणसांकडे परत पाठवते, तिच्यात गुरूचा आवाज ओळखू येतो. प्रेषितांनीही माणसांपेक्षा देवाचे ऐकणे हे प्रथम मानले, आणि त्यासाठी फटके खाल्ले.

ज्याचे लेकरू वाचले नाही

आता सर्वांत अवघड गोष्टीकडे येऊ. एका घरी बायबल-अभ्यासाच्या वेळी हा भाग मी वाचला. सभा संपल्यावर चहा होत असता मागच्या बाजूला बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “भाऊ, त्याचं लेकरू वाचलं. माझं नाही वाचलं. मी काय त्या वाटेनं चालले नव्हते?”

ह्या प्रश्नाला चटकन उत्तर देणारा मनुष्य मला संशयास्पद वाटतो. तुमचा विश्वास कमी पडला, असे काही जण सांगतात. हे उत्तर निर्दय तर आहेच, शिवाय शास्त्राला धरूनही नाही. त्या अंमलदाराचा विश्वास मोठा होता म्हणून मुलगा वाचला, असे योहान कुठेही म्हणत नाही. मुलगा वाचला तो प्रभूच्या शब्दाने. बापाच्या विश्वासाने एवढेच केले की त्याला त्या शब्दाबरोबर घरी चालत आणले.

आणि इथे एक फरक नीट ओळखला पाहिजे. त्या बापाला त्याच्या मुलाविषयी प्रभूच्या तोंडून एक नेमका शब्द मिळाला होता. आपल्यातल्या बहुतेकांना आपल्या आजाऱ्याविषयी असा शब्द मिळालेला नसतो. आपल्याला आशा असते, प्रार्थना असते, आणि ती धरण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु आशेलाच आज्ञा समजून, देवाने न बोललेले त्याच्या तोंडी घालून, मग ते घडले नाही म्हणून देवाला किंवा स्वतःला दोषी धरणे हे बरोबर नाही. हे केवळ तत्त्वज्ञान नाही. त्यात जीव जातात. विश्वास असेल तर गोळ्या बंद करा, असे सांगणारे लोक आपल्या भागातही फिरतात. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. मध्येच सोडले तर जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत आणि रोग अधिक बिकट होतो. मधुमेहाच्या काही रोग्यांचे इन्सुलीन थोडे दिवस जरी तुटले तरी प्राणावर बेतते. प्रभूने त्या बापाला मुलाची शुश्रूषा थांबवायला सांगितले नव्हते. घरचे दास मुलाजवळ होते, म्हणूनच ताप कोणत्या घटकेला उतरला हे त्यांना सांगता आले.

मग ज्यांना असा शब्द मिळाला नाही, त्यांच्यासाठी ह्या भागात काही नाही काय? आहे. प्रभूच्या तोंडचे जे शब्द सर्वांना मिळाले आहेत ते आपल्याजवळ आहेत. क्षमा करा, उपाशी माणसाला जेवू घाला, खरे बोला, एकमेकांवर प्रीती करा, आणि युगाच्या समाप्तीपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे हे अभिवचन. बातमी कोणतीही येवो, ह्या शब्दांवर चालता येते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला इथे आठवते. हजारो निराधार स्त्रिया व मुलींची केडगावच्या मुक्तीसदनात त्या आई झाल्या. स्वतःला एकच मुलगी, मनोरमा. आईच्या कामाची ती उजवा हात. १९२१ साली मनोरमा आईच्या डोळ्यांदेखत गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, सोप्या मराठीत साऱ्या पवित्र शास्त्राचे भाषांतर करण्याचे काम त्या वेळी रमाबाईंच्या हाती होते. एकुलत्या लेकराला मूठमाती दिल्यावरही ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. कफर्णहूमाच्या बापाला मिळाली ती बातमी ह्या आईला मिळाली नाही. तरी ती त्याच वाटेने चालत राहिली. दोघांपैकी कोणाचा विश्वास मोठा होता हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही; पण रमाबाईंचा लहान होता असे म्हणण्याची जीभ तरी कोणाची होईल?

आणि सर्वांत शेवटी गेथशेमाने बाग. तिथे पुत्राने पित्याजवळ प्याला टळावा म्हणून मागितले. प्याला टळला नाही. तरी त्याने पित्यावरचा भरवसा सोडला नाही आणि तो उठून चालू लागला. इब्रीकरांस पत्र लिहिणारा सांगतो की पुत्र असूनही तो दुःखसहनातून आज्ञापालन शिकला. म्हणजे ज्याने काना गावी एका बापाला शब्दावर चालायला लावले, तो स्वतः त्याहून अवघड वाटेने, बातमीवाचून, वधस्तंभापर्यंत चालला आहे. त्या बाईंना मी त्या दिवशी एवढेच म्हणालो की बाई, तुम्ही त्या वाटेने चाललात हे त्याला ठाऊक आहे, कारण तो त्या वाटेवर तुमच्या पुढे होता. ह्याहून अधिक उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि आजही नाही.

घराण्याचा विश्वास

कथेच्या अखेरीस योहान पुन्हा एकदा सांगतो की त्या मनुष्याने विश्वास ठेवला, आणि त्याच्या सर्व घराण्यानेही ठेवला. पहिल्यांदा त्याने शब्दावर विश्वास ठेवला होता. आता ‘शब्दावर’ हे पद गळाले आहे. मुलगा बरा झाला म्हणजे काम संपले असे झाले नाही. शब्दावरून तो शब्द देणाऱ्याकडे पोहोचला.

दासांचीही इथे दखल घेतली पाहिजे. ह्याच काना गावी पहिल्या चिन्हाच्या वेळी रांजण काठोकाठ भरणारे सेवकच होते, आणि द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला नव्हे, त्यांना ठाऊक होते. इथेही बातमी घेऊन धावत आले ते दासच. ज्यांना सांगितलेले काम करण्याची सवय आहे त्यांना देवाच्या कामाची खबर आधी लागते, हे मोठ्या पदांवर बसणाऱ्या आपण सर्वांनी ध्यानात ठेवावे.

बापाने ताप उतरल्याचा तास विचारून घेतला हेही विसरू नये. विश्वास ठेवणाऱ्याने चौकशी करू नये असे नाही. त्याने आधी चालून मग विचारले, एवढेच. आणि तो तास त्या घरात पुढे किती वेळा सांगितला गेला असेल! आपल्या घरांतही असे तास असतात. दुष्काळात कोणी दारात धान्य आणून ठेवले, बदलीचा हुकूम रद्द झाला, मनातले वैर एका संध्याकाळी निवळले. ते मुलांना सांगावेत. आणि जिथे बातमी दुःखाची आली पण घर मोडले नाही, तो तासही सांगावा. किंबहुना तो आधी सांगावा.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी आज नुकतेच काना गावातून निघाले असतील, कोणी अंधारात मध्यावर असतील, कोणाला दास भेटले असतील, कोणाला अजून भेटायचे असतील. प्रत्येकाला पूर्ण वाट दिसलीच पाहिजे असे नाही. आज कोणते एक ऐकलेले वचन पाळायचे राहिले आहे, एवढे मात्र प्रत्येकाला ठाऊक असते. कोणाला भावाच्या घरी जायचे असेल, कोणाला घेतलेले परत करायचे असेल, कोणाला आजाऱ्याच्या उशाशी आणखी एक रात्र बसायचे असेल. तिथून निघावे.

हे प्रभू, आम्ही तुझी सोबत मागतो आणि तू शब्द देतोस. तो शब्द पुरेसा आहे असे मानून घराकडे चालण्याचे बळ आम्हांला दे. ज्यांना वाटेत सुखाची बातमी मिळाली नाही त्यांच्याजवळ तू स्वतः चाल. आमेन.